खानदेशातल्या काळ्या भिंती कुणीही बांधलेल्या नाहीत

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शिवारांतून, टेकड्यांच्या माथ्यांवरून काळ्या दगडांच्या सरळ रांगा कित्येक किलोमीटर जातात. त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि सोबत ठरलेला मजकूर असतो: पांडवांनी बांधलेली भिंत, लुप्त संस्कृतीचा कोट, शास्त्रज्ञही चक्रावले. शास्त्रज्ञ अजिबात चक्रावलेले नाहीत! या शिलाभित्ती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच काळातल्या, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता.

‘मग एवढे चौकोनी दगड आपोआप रचले गेले का?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. जमिनीतल्या उभ्या भेगेत खालून शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. निवताना खडक आकसतो, आकसताना तडकतो आणि तडे थंड पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात. लाव्ह्याचा थर वरून आणि खालून निवतो, म्हणून त्यात उभे खांब तयार होतात. डाइक दोन्ही बाजूंनी निवतो, म्हणून त्याचे खांब आडवे पडतात. बाजूने पाहणाऱ्याला त्यांची फक्त टोकं दिसतात, एकावर एक रचलेल्या चिऱ्यांसारखी.

तरीही पटत नसेल तर भिंतीच्या अगदी कडेचा आणि मधला असे दोन टवके शेजारी धरून पाहा. कडेचा इतका बारीक पोताचा की कण दिसत नाहीत. मधल्यात साध्या भिंगातूनही पांढुरक्या काड्यांसारखे स्फटिक ओळखू येतात. कडा थंड खडकाला टेकून झटकन थिजली, मधल्या भागाला स्फटिक वाढवायला वेळ मिळाला. हे कुठल्या गवंड्याला साधणार?

आणि भिंत एक नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘बुलेटिन ऑफ व्हॉल्कॅनॉलॉजी’मध्ये नंदुरबार-धुळे परिसरातल्या २१० डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरचा, सर्वांत जाड ६२ मीटरचा. बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम, कारण जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. शेकडो समांतर तटबंद्या, आत ना गाव ना गढी, असा कोट कोण कशासाठी बांधेल?

या भिंती उंच वाढलेल्याही नाहीत. त्या जमिनीच्या पोटात होत्या. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि त्या उघड्या पडल्या. जिथे डाइकच लवकर झिजतो, तिथे भिंतीऐवजी घळ दिसते.

आणखी काही समज. प्रत्येक डाइकमधून लाव्हा बाहेर आला: नाही, कित्येक वर पोचण्याआधीच थिजले. सह्याद्रीची शिखरं म्हणजे जुने ज्वालामुखी: नाही, ती लाव्ह्याच्या आडव्या थरांतून झिजून उरली आहेत. लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं मुख: नाही, ते उल्काघाताचं विवर आहे.

आणि ‘डाइकशेजारी बोअर घेतली की पाणी लागतंच’, हा समज तर शेतकऱ्याच्या खिशाला महागात पडतो. अखंड डाइक भूजलाला आडवा बंधारा ठरतो, त्यामुळे चढाच्या बाजूला पाणी साठू शकतं आणि उताराची बाजू कोरडी राहू शकते. तडकलेला डाइक मात्र स्वतःच पाणी वाहून नेतो. आपल्या रानातला डाइक यांपैकी कोणता, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला आधी विचारावं, बोअरची गाडी नंतर बोलवावी.