हैदराबाद–सोलापूर रेषेवरचं आकाश

हैदराबादहून सोलापूरकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ जहिराबाद मागे टाकून बिदर जिल्ह्यात शिरतो आणि हुमनाबाद, बसवकल्याणच्या बाजूने उमरग्याला महाराष्ट्रात येतो. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच आठवडी बाजारात कानावर पडणारा हा सीमाभाग. या रस्त्याच्या डोक्यावर, तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर, आणखी एक वाट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) शास्त्रीय फुगे तिने जातात. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर रेषेच्या आसपास, हैदराबादपासून साडेतीनशे किलोमीटरपर्यंत उपकरणं उतरू शकतात, असं संस्था आपल्या जाहीर सूचनांत सांगत आली आहे. बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे या पट्ट्यात येतात.

१८ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी सकाळी, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात असाच एक फुगा उपकरणासह एका घरावर उतरला. आदल्या रात्री हैदराबादहून सुटलेला फुगा पाहून गावकरी घाबरले, पोलीस आले, मग उलगडा झाला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या विकाराबाद जिल्ह्यात मोगिलीगुंडला गावच्या शेतात एक भलीमोठी कुपी उतरली होती. माणसांना फुग्याने स्थितांबरापर्यंत (स्ट्रॅटोस्फिअर) नेऊ पाहणाऱ्या एका स्पॅनिश कंपनीची ती रिकामी चाचणी-कुपी होती.

फुगा वर जातो कसा?

हे फुगे पॉलिथिनच्या अतिशय पातळ पापुद्र्याचे असतात आणि हैदराबादेत त्यांत हायड्रोजन भरतात. सुटताना वायू फक्त वरच्या टोकाला असतो, खालचं प्लास्टिक लांबच लांब लोंबत असतं. वर हवेचा दाब घटत जातो तसा वायू फुलतो. तीस किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे शंभराव्या हिश्शावर येतो, तेव्हा फुगा पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा झालेला असतो. काम संपलं की जमिनीवरून रेडिओ-आज्ञा जाते, उपकरण फुग्यापासून सुटतं आणि रंगीत पॅराशूटच्या आधाराने खाली येतं.

वाट ठरवतो वारा. हिवाळ्यात दख्खनवर खालच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या थरांत पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ते चढत्या फुग्याला आधी पूर्वेकडे नेतात. त्याच्या वर, स्थितांबरात, पूर्वेकडचा वारा मिळाला की फुगा वळून हैदराबादवरून पश्चिमेला, म्हणजे बिदर-कलबुर्गीकडे येतो. विषुववृत्ताजवळच्या स्थितांबरातले वारे सरासरी २८ महिन्यांच्या चक्राने दिशा पालटतात, त्यामुळे प्रत्येक उड्डाणाआधी वरचे वारे नव्याने मोजावे लागतात.

हैदराबादच का?

विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी होमी भाभा यांनी १९४०च्या दशकातच भारतात फुग्यांचे प्रयोग सुरू केले. पुढे हैदराबादेत कायमचं केंद्र १९६९ मध्ये उभं राहिलं. यामागे भूचुंबकत्वाचं कारण आहे. ध्रुवांजवळ चुंबकीय बलरेषा जमिनीत उतरतात, त्यांच्या आधाराने कमी ऊर्जेचे विश्वकिरणही वातावरणात घुसतात. चुंबकीय विषुववृत्ताजवळ त्या रेषा आडव्या असल्याने फक्त फार ऊर्जावान कण आत येतात. हैदराबाद या चुंबकीय विषुववृत्तापासून जवळ आहे. त्यामुळे दूरच्या ताऱ्यांचे क्ष-किरण टिपताना इथे कणांचा गोंगाट कमी होतो.

याची किंमतही मोजावी लागते. उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ऐंशी अंशांच्या आसपास उतरतं. त्या थंडीत साधं पॉलिथिन कडक होऊन तडकतं, म्हणून तिथून सुखरूप जाईल असा खास पापुद्रा लागतो.

ध्रुवावरची प्रदक्षिणा

अंटार्क्टिकावर सगळंच उलट आहे. तिथल्या उन्हाळ्यात स्थितांबरातला वारा ध्रुवाभोवती गोल फिरतो. मॅकमर्डो तळाजवळून सुटलेला फुगा खंडाला वळसा घालून पुन्हा सुटल्या जागेच्या आसपास येऊ शकतो. १९९८च्या डिसेंबरअखेर सुटलेल्या ‘बूमरँग’ दुर्बिणीने दहा दिवसांत हेच केलं आणि विश्वाची भूमिती जवळपास सपाट असल्याचा भक्कम पुरावा मिळवला. सूर्य मावळत नसल्याने वायू थंड होऊन आकसत नाही, उंची टिकते. ‘गस्टो’ ही नासाची दुर्बीण ३१ डिसेंबर २०२३ला सुटली आणि ५७ दिवस तरंगत राहिली. हैदराबादेत मिळतात ते काही तास.

पण उतरल्यानंतरचं चित्र पाहा. ‘सुपरटायगर’ हे उपकरण २०१३च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरलं आणि २०१५च्या जानेवारीत परत मिळालं. बिदरच्या शेतात उतरलेल्या उपकरणापर्यंत हैदराबादहून रस्त्याने पोचता येतं, आणि तोवर त्याच्याजवळ माणसं असतात.

काही तासांची कमाई

‘गस्टो’ने आकाशगंगेतल्या आयनीभूत कार्बनचा १५८ मायक्रॉनचा प्रकाश मोजला. तोच प्रकाश टीआयएफआरच्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने जपानी वर्णपटमापक लावून हैदराबादच्या फुग्यावरून टिपला आहे. तारे जन्मतात त्या ढगांचा नकाशा त्यातून तयार होतो.

मराठी वाचकाला जवळचा प्रयोग जयंत नारळीकरांचा. २० एप्रिल २००५ला त्यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने इस्रोच्या मदतीने ४५९ किलोचं उपकरण हैदराबादहून वर पाठवलं. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, निर्जंतुक केलेल्या सोळा पोलादी नळ्यांत वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा भरून घेतली. नळ्या पॅराशूटने उतरल्या आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासल्या गेल्या. २००९ मध्ये त्यांत सापडलेल्या जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. हे जीव पृथ्वीवरूनच वर गेले की बाहेरून आले, याचा निकाल मात्र त्या प्रयोगाने लागला नाही. त्या नळ्या सीलबंद हाती आल्या नसत्या, तर हा प्रश्न विचारण्यापुरताही पुरावा उरला नसता.

जमिनीवरचा भागीदार

संस्थेच्या सूचना साध्या आहेत. उपकरण उघडू नका, हलवू नका. त्यात उच्च दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा, हात न लावता सांभाळलंत तर बक्षीस मिळेल. म्हणजे प्रयोगाचा शेवटचा टप्पा शास्त्रज्ञांनी सीमाभागातल्या शेतकऱ्यावर सोपवला आहे. फुग्यांचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, आणि कलबुर्गीत तुरीची काढणी आणि रास यांची धांदलही याच हंगामात. आभाळातून लाल दिवा मिचकावत काहीतरी घरावर येतं तेव्हा माणूस घाबरणारच. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून उड्डाणाआधी आळंद, चिंचोळी, हुमनाबाद, भालकी, औराद इथल्या ग्रामपंचायतींत आणि शाळांत कन्नड, मराठी आणि उर्दूतून माहिती पोचली पाहिजे. पिकाचं किंवा घराचं नुकसान झालं, तर भरपाईसाठी कुणाला हेलपाटे घालावे लागू नयेत. आणि जे उपकरण ज्या गावात उतरलं, त्याने वर काय पाहिलं हे सांगायला शास्त्रज्ञांनी त्या गावच्या शाळेत यावं. दुर्बिणीचा राखणदार झालेल्या गावाला तिच्या निष्कर्षावर हक्क आहे. तो दिला, तर या पट्ट्यातल्या मुलांना विज्ञान आपल्याच शिवारात घडतं हे कळेल, आणि पुढच्या फुग्याची वाट मोजणाऱ्यांत त्यांच्यातलंही कुणी असेल.