शहराची जमीन आणि बागेचा वांटा

शहराच्या शिवेवर एखाद्या गृहस्थाचें माळरान पडलें आहे असें समजावें. तेथें गवतापलीकडे कांहीं उगवत नाहीं. पुढें त्या बाजूस आगगाडीचें स्टेशन होतें, रस्ता होतो, पाण्याचा नळ येतो, आणि पाहतां पाहतां त्याच माळाचा भाव वीसपट होतो. एवढ्या काळांत त्या गृहस्थानें तेथें एक कुदळही मारलेली नसते. मग ही वाढ केली कोणीं? अर्थात् रस्त्यासाठीं कर देणाऱ्यांनीं, नळाची पट्टी भरणाऱ्यांनीं, आणि त्या भागांत येऊन कामधंदा करणाऱ्या हजारों माणसांनीं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांतच असें प्रतिपादिलें होतें कीं, जमिनीच्या भावांतील जी वाढ मालकाच्या श्रमावांचून होते, तिचा कांहीं भाग समाजाकडे परत आला पाहिजे. जमिनीचा सट्टा चालतो तो याच वाढीवर. आणि सार्वजनिक उद्यान हा त्या वाढींतून समाजाच्या पदरांत पडणारा, सर्वांना दिसणारा वांटा होय. मात्र हा वांटा पदरांत पडतो कीं कागदावरच राहतो, हें करारांतील मोजणी कोठून सुरू होते यावर पुष्कळसें अवलंबून असतें. दोन शहरांच्या हकीकतींवरून हें स्पष्ट होईल.

पहिली हकीकत इंग्लंडमधील बर्कनहेडची. लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पैलतीरावरचें हें गांव आगबोटींची ये-जा सुरू झाल्यापासून झपाट्यानें वाढत होतें. तेथील नगरसुधारणा मंडळानें १८४३ सालीं पार्लमेंटकडून अधिकार मिळविला आणि सुमारें २२६ एकर जमीन विकत घेतली. ही जमीन बहुतेक दलदलीची होती. तींपैकीं १२५ एकर मंडळानें सर्व लोकांच्या बागेसाठीं कायमची राखून ठेवली व उरलेल्या जमिनींतील कांहीं भाग घरांसाठीं तुकडे पाडून विक्रीस काढला. जोसेफ पॅक्स्टन यानें बागेची आंखणी केली. तळीं खोदतांना निघालेल्या मातीचे त्यानें उंचवटे रचले आणि सपाट दलदलीला टेकड्यांचें रूप दिलें. १८४७ सालीं ही बाग लोकांस खुली झाली. बागेमुळें भोंवतालच्या तुकड्यांस भाव यावा आणि त्या पैशांतून बागेचा खर्च निघावा, असा तो बेत होता. १८५० सालीं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन प्रवासी तेथें आला. श्रीमंतांबरोबर गरिबांसही तेथें सारखाच हक्क आहे, हें पाहून तो फार प्रभावित झाला. पुढें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा करणाऱ्या दोघांपैकीं एक तोच होय.

येथें क्रमाकडे लक्ष द्यावें. आधीं जमीन गांवाची झाली. मग बागेची सीमा ठरली. सट्ट्याला वाव मिळाला तो त्या सीमेच्या बाहेर. भाव चढला किंवा उतरला तरी बाग लहान होण्याचें कारण उरलें नाहीं.

मुंबईलाही हा क्रम अपरिचित नव्हता. १८९६ सालच्या प्लेगनंतर, १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याची वसाहत आंखली, तेव्हां बागांची जागा आराखड्यांतच सोडलेली होती. तेथील पांच बागा त्याची साक्ष देतात. १९२५ सालीं लोकांस खुलें झालेलें व १९२७ सालीं शिवाजी पार्क हें नांव मिळालेलें दादरचें मैदानही त्याच काळांतलें. सभोंवतीं घरें उभीं राहिलीं, त्यांचे भाव आकाशास भिडले. परंतु मैदान मैदानच राहिलें.

दुसरी हकीकत याच मैदानापासून हांकेच्या अंतरावरील गिरणगांवाची. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढील शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्यांचीं धुराडीं दाटीनें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या भोंग्यावर कोंकण-देशावरून आलेल्या लाखों माणसांचा दिवस उगवूं व मावळूं लागला. १९८२ च्या जानेवारींत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्या नाहींत. चाती थांबल्या, परंतु सुमारें सहाशें एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर तशीच राहिली. गिरणींतून निघणाऱ्या कापडापेक्षां गिरणीखालची माती अधिक मोलाची झाली.

ही जमीन कारखान्यांसाठीं राखलेली असल्यानें तेथें घरें वा कचेऱ्या बांधण्यास मोकळीक नव्हती. ती मोकळीक देणें सरकारच्या हातीं होतें, आणि ती मिळतांच जमिनीचें मोल अनेक पटींनीं वाढणार होतें. म्हणून १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें एक सौदा मांडला. गिरणीची जमीन विकसित करावयाची असल्यास ढोबळ मानानें तिचे तीन भाग करावे. एक महानगरपालिकेस बागा व मैदानें यांसाठीं, एक म्हाडा या संस्थेस सामान्य लोकांच्या घरांसाठीं, आणि एक मालकास. जमिनीच्या आकाराप्रमाणें हें प्रमाण थोडें बदले. परंतु बागेचा वांटा सरसकट तेहेतीस टक्के होता.

मालकांस हा सौदा महाग वाटला. दोन तृतीयांश जमीन देऊन उरलेल्या तुकड्यांतून कामगारांचीं देणीं व बँकांचीं कर्जें कशीं फेडावयाचीं, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. शिवाय नियमाची मेख अशी कीं, मालक पुढें आला तरच तो लागू होई. फारच थोडे पुढें आले. दहा वर्षें जमिनी पडून राहिल्या आणि देण्याची वाट पाहणारे कामगार म्हातारे झाले.

अशा स्थितींत २००१ सालीं नियम बदलण्यांत आला. तीन भागांचें सूत्र दिसावयास तसेंच राहिलें. परंतु वांटणी सबंध जमिनीची न होतां केवळ मोकळ्या जमिनीची व्हावी असें ठरलें, आणि जेथें इमारत उभी आहे ती जमीन, इमारत पाडल्यानंतरही, मोकळी धरली जाऊं नये असा त्याचा अर्थ झाला.

या एका शब्दानें काय घडलें, हें गिरणीची रचना ठाऊक असल्याशिवाय कळणार नाहीं. विणकामाचे माग अवजड असतात व चालतांना जबर हादरे देतात. म्हणून साचेखातें बहुधा तळमजल्यावरच ठेवीत. साऱ्या मागांवर सारखा उजेड पडावा म्हणून त्यावर करवतीच्या दांत्यांसारखें, उत्तरेकडून प्रकाश घेणारें छप्पर घालीत. अशी शेड उंच वाढत नाहीं, ऐसपैस पसरते. कापसाचीं गोदामें, बॉयलरघर, कचेरी हीं निराळींच. त्यामुळें बहुतेक गिरण्यांच्या आवारांत उघडें अंगण थोडें व छपराखालची जागा फार, अशी स्थिति असे.

आतां बारा एकरांची एक गिरणी कल्पावी. तिच्या नऊ एकरांवर शेड व गोदामें आहेत आणि तीन एकर मोकळे आहेत. जुन्या नियमानें ढोबळ हिशेब केला तर बागेस चार, म्हाडास चार व मालकास चार एकर मिळतील. नव्या नियमानें केवळ तीन एकरांची वांटणी होऊन बागेस एक, म्हाडास एक, आणि मालकास उरलेले दहा एकर मिळतील. तिसरा हिस्सा दोन्हीं वेळां तिसराच आहे. परंतु पहिल्या वेळीं मुलांना खेळावयास मैदान मिळतें, तर दुसऱ्या वेळीं चार बांकडीं मांडण्यापुरती जागा मिळते.

हा वाद पुढें न्यायालयांत गेला. २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें मुंबईंतील पांच गिरण्यांच्या जमिनी सुमारें दोन हजार कोटी रुपयांस विकल्या. त्यांपैकीं एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची किंमत ७०२ कोटी आली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत असा निर्णय दिला कीं, इमारती पाडल्यानें मोकळी होणारी जमीनही वांटणींत धरली पाहिजे. २००६ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला व २००१ चा नियम वैध ठरविला. कामगारांचीं देणीं, आजारी गिरण्यांचें पुनरुज्जीवन व शहराची निकड यांचा मेळ घालण्याचें धोरण म्हणून तो नियम न्यायालयास ग्राह्य वाटला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ सालीं. त्या घरांसाठीं लाखाहून अधिक कुटुंबें अर्ज करून बसलीं होतीं.

आणखी एक हानि झाली, ती आंकड्यांत दिसत नाहीं. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९९६ सालीं महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा असें सुचविलें होतें. दहा गिरण्यांचा वांटा एके ठिकाणीं जोडला तर उद्यान होतें. दहा ठिकाणीं विखुरला तर दहा कोपरे होतात, आणि कोपऱ्यांस कुंपण घालणें सोपें असतें. प्रत्येक गिरणीचा हिशेब निराळा झाल्यानें सलग हिरवळीची संधि हातची गेली.

खासगी वसाहतीच्या आंत सोडावयाच्या क्रीडांगणाविषयींही असाच प्रश्न उत्पन्न झाला. मोटारी ठेवण्याच्या मजल्यांवरील गच्चीस क्रीडांगण म्हणून दाखविण्याची वहिवाट पडली होती. २०१३ च्या डिसेंबरमध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नियमानें सोडावयाची किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे. गच्चीवर वडाचें झाड मूळ धरीत नाहीं आणि पावसाचें पाणी मुरत नाहीं, हें त्यांतील साधें तत्त्व.

असे सौदे पुढेंही होणारच. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा भाडेपट्टा २०१३ सालीं संपला होता; २०२४ सालीं त्या २११ एकरांपैकीं १२० एकर उद्यानासाठीं व ९१ एकर शर्यतींसाठीं अशी विभागणी ठरली. गिरणगांवाच्या अनुभवावरून अशा प्रत्येक करारास चार प्रश्न विचारावेसे वाटतात. वांटा कशांतून मोजला आहे, सबंध जमिनींतून कीं उरलेल्या जागेंतून? तो नकाशावर सीमा घालून दाखविला आहे काय? तो इमारतींस राहण्याचा परवाना मिळण्यापूर्वीं द्यावयाचा आहे कीं नंतर? आणि फाटकाची किल्ली व देखभालीचा खर्च कोणाकडे?

यांपैकीं एकाचें उत्तर संदिग्ध असेल, तर बाग मिळाली असें नागरिकांनीं समजूं नये. लालबागच्या चाळींतील दहा बाय बाराच्या खोलींत वाढणाऱ्या मुलास वांटणीचें सूत्र ठाऊक नसतें. संध्याकाळीं चेंडू घेऊन जाण्यास जागा आहे कीं नाहीं, एवढेंच त्याला कळतें. आणि त्याचें उत्तर तो जन्मण्यापूर्वींच कोणीतरी एका शब्दानें देऊन ठेवलेलें असतें.