बृहत् संहितांतील शब्दशोध : वेग आणि अक्षर

संहितांचे मोठे संगणकीय संकलन हाती आले की अभ्यासक प्रथम विचारतो तो प्रश्न वेगाचा : ग्रेप, सेड, ऑक यांपैकी कोणते साधन अधिक शीघ्र? देवनागरीच्या अभ्यासकाने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा.

ठराविक शब्द शोधावयाचा असेल तर ग्रेप सहसा सरस ठरते. बॉयर आणि मूर यांच्या १९७७ च्या पद्धतीनुसार ते शब्दाच्या अंत्य घटकाकडून तपासणी आरंभते आणि जुळणी अशक्य दिसताच पुढे झेप घेते. बराचसा मजकूर ते वाचतही नाही. सेड व ऑक ओळ हा घटक मानून चालतात. शब्दांची वारंवारता काढताना मात्र ऑकची सरशी होते. ऑक प्रत्येक भिन्न शब्द एकदाच स्मृतीत ठेवते, तर सॉर्टला सबंध संकलन क्रमाने लावावे लागते. (भिन्न शब्दच स्मृतीत मावेनासे झाले, तर डिस्कवर तात्पुरत्या फायली रचणारे सॉर्टच तारते.)

वेग वाढविण्यासाठी लोकेल 'सी' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्या स्थितीत साधन अक्षरे पाहत नाही, केवळ बाइट पाहते. 'मराठी' या शब्दाची लांबी गॉक तेव्हा १५ सांगते. यूटीएफ-८ लोकेलमध्ये ५ सांगते. वाचक ३ अक्षरे मोजतो. वृत्ताचा अभ्यास करणाऱ्याने यांतील कोणती संख्या घ्यावी? सॉर्टही बाइटक्रमाने 'ळ'ला 'ल' व 'व' यांच्या मध्ये बसविते. मराठी कोशांत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. नेमका शब्द शोधण्यापुरता 'सी' निरुपद्रवी आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु खरी अडचण लोकेल बदलूनही सुटत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' एकाच संकेतांकाने लिहिता येतो, 'र' व नुक्ता मिळूनही लिहिता येतो. काही टंकलेखक हलन्त 'र'पुढे शून्यरुंदीचा जोडक घालतात. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, ग्रेपला मात्र ती तीन निराळी वाटतात. प्रस्तुत लेखकाने एका संकलनात असे एक रूप 'आढळत नाही' असे टिपून ठेवले होते. पुढे संकलनाचे प्रमाणीकरण केले आणि जोडकाची रूपे वेगळी बदलून घेतली, तेव्हा ते टिपण खोडावे लागले. या पूर्वसंस्काराला लागणारा वेळ साधनांच्या तुलनेत क्वचितच धरला जातो.