मुका झालेला टेलिफोन-सर्व्हर

रुग्णालयात, साखर कारखान्यात किंवा शेतीचा सल्ला देणाऱ्या केंद्रात आपण फोन लावतो आणि पलीकडून ‘मराठीसाठी एक दाबा’ असा आवाज येतो. तो आवाज पुष्कळ ठिकाणी एका साध्या संगणकाचा असतो. त्यावर लिनक्स ही प्रणाली आणि ॲस्टरिस्क नावाचा टेलिफोनचा कार्यक्रम चालतो. लिनक्सची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली केली, ॲस्टरिस्कची मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली. दोन्ही विनामूल्य मिळतात, म्हणून लहान संस्थांनाही परवडतात. पण विनामूल्य वस्तूबरोबर दुरुस्तीचा माणूस येत नाही. यंत्र मुके झाले की संगणक जाणणारे गुरुजी नाहीतर गावातला एखादा हुशार मुलगा बोलावला जातो, आणि तोवर आजाऱ्याच्या घरच्यांचा फोन काही लागत नाही.

आत काय घडते ते आधी पाहा. टेलिफोनची तार संगणकातल्या एका कार्डाला येऊन मिळते. संस्थांना मिळणाऱ्या ई-वन लाइनवर एकाच वेळी ३० संभाषणे चालू शकतात. प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, आणि कार्ड साधारणतः सेकंदाला हजार वेळा हाक मारून ते हवाली करते. ही धावपळ वरवरच्या कार्यक्रमाला झेपत नाही. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बसून काम करणारा एक भाग लागतो. तोच ड्रायव्हर. ॲस्टरिस्कबरोबर चालणाऱ्या या ड्रायव्हरला पूर्वी झॅपटेल म्हणत. त्या नावावर दुसऱ्याचा व्यापारी हक्क निघाला, म्हणून २००८ साली त्याचे नाव डाहडी झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार काय करतो? आधी त्या चाकाचे माप घेतो. शेजारच्या गाडीची धाव दिसायला तशीच असली, तरी आपल्या चाकाला बसेलच असे नाही. ड्रायव्हरचेही तसेच आहे बघा. तो एका ठराविक कर्नेलच्या मापाने घडवलेला असतो. कर्नेल बदलला की माप बदलले. हे माप ‘कर्नेल हेडर’ नावाच्या संचात असते, आणि तो संच यंत्रावर नसला तर ड्रायव्हर घडवताच येत नाही.

यातली खरी गोम पुढेच आहे. प्रणालीची सुधारणा झाली की नवा कर्नेल तबकडीवर येऊन बसतो, पण यंत्र चालू असते ते जुन्यावरच. महिना, दोन महिने सगळे ठाकठीक. मग एके रात्री वीज जाते, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते ते नव्या कर्नेलवर, आणि फोन मुका! सगळे म्हणतात, विजेने कार्ड जाळले. पुष्कळदा कार्ड धडधाकट असते. नवे कार्ड मागवण्याची घाई करू नका.

पहिला उपाय अगदी साधा आहे. जुना कर्नेल बहुधा तबकडीवर शिल्लक असतो. यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीतून तो निवडा. फोन चालू झाला तर रोग कळला, शिवाय लोकांची अडचणही तूर्त टळली. दुरुस्ती मग सावकाश करता येते.

दुरुस्तीला बसल्यावर ड्रायव्हर उपटून पुन्हा टाकण्याची हौस आवरा. आधी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्ड यंत्राला दिसते का ते पाहा. दिसतच नसेल तर ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नाही. यंत्र बंद करून कार्ड खाचेत नीट बसवा. दिसत असेल तर ‘युनेम -आर’ विचारा. चालू कर्नेलचा क्रमांक मिळेल, आणि हेडरचा क्रमांक त्याच्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. बाजारातले सर्वांत नवे हेडर आणून टाकणे ही नेहमीची फसगत आहे.

मग ‘मोडप्रोब’ने ड्रायव्हर चढवा, आणि नाही चढला तर ‘मोडप्रोब’ काय चूक दाखवतो आणि ‘डीमेसेज’मध्ये कर्नेल काय सांगतो ते शब्दन् शब्द वाचा. ‘नॉट फाउंड’ म्हणजे या कर्नेलसाठी धाव घडवलेलीच नाही. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणजे बहुधा धाव दुसऱ्याच चाकाची आहे. किल्लीची भाषा, म्हणजे ‘की रिजेक्टेड’ किंवा ‘रिक्वायर्ड की’ असे काही दिसले, तर माप बरोबर असूनही वेशीवर अडवले आहे असे समजा. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो. मोहोर नसलेल्याला तो आत सोडत नाही. स्वतःची किल्ली करून ड्रायव्हरवर सही करावी लागते आणि ती किल्ली यंत्राला ओळखवून द्यावी लागते. हे ओळखवणे यंत्र पुन्हा सुरू होताना त्याच्या पडद्यासमोरच होते. दूरच्या गावाहून करू म्हणाल तर अडकाल.

कधी नवा कर्नेल इतका पुढे गेलेला असतो की जुन्या डाहडीची जुळणीच मोडते आणि पडद्यावर चुकांची रांग लागते. त्यात तुमचा दोष नाही. डाहडीची नवी आवृत्ती आणा. पण एक पाहून घ्या: काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर पुढच्या आवृत्त्यांतून गाळले गेले आहेत. तसे कार्ड असेल तर जुना कर्नेल धरून राहणे किंवा कार्ड बदलणे, एवढेच हाती उरते.

एक गंमतही सांगतो. टीडीएम-४०० हे कार्ड एके काळी फार खपले. त्यावरची टायगरजेट चिप पाहून लिनक्समधला नेटजेट हा आयएसडीएनचा ड्रायव्हर ते आपलेच समजून बळकावी, आणि खरा धनी दाराबाहेर! ‘एलएसपीसीआय -के’ने कार्ड कोणाच्या ताब्यात आहे ते कळते. उपऱ्याचे नाव बंदीच्या यादीत घातले की झाले.

दर वेळी ही उस्तवार नको असेल तर ‘डीकेएमएस’ ठेवा. तो बलुतेदार लोहारासारखा: कर्नेल बदलला की आपण होऊन धाव घडवतो. हेडर मात्र त्यालाही लागतात.

ड्रायव्हर चढला, तरी फोन बोलत नसेल तर ‘डाहडी सीएफजी’ चालवून ॲस्टरिस्क पुन्हा सुरू करा. तरीही लाइनवर लाल अलार्म राहिला, तर संगणक सोडा. केबल तपासा आणि लाइन देणाऱ्या कंपनीला कळवा.