चुंबकानें लांबणारा धातु

लोखंड तापलें म्हणजे वाढतें, हें गाडीच्या चाकास धांव चढवितांना लोहाराच्या भात्यापाशीं आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु विस्तव नको, नुसता लोहचुंबक जवळ आणला कीं कांडी लांबते, असें कोणीं मंगळवेढ्याच्या बाजारांत सांगितल्यास लोक त्यास गारुडी म्हणतील. तथापि असा मिश्रधातु आहे. निकेल, मॅंगॅनीज व गॅलियम ह्यांचा तो होतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत कारी उल्लाक्को व त्यांचे सहकारी ह्यांनीं 1996 मध्यें त्याच्या स्फटिकाचा आकार चुंबकाच्या बळानें हजारांत दोन भाग बदलून दाखविला. पुढें ही मजल शेकडा दहाच्या घरांत गेली, म्हणजे वीतभर लांबीस जवळजवळ अंगुळभर!

हें घडतें कसें? ऊन स्थितींत ह्या धातूचे अणु घनाकृति घरांत बसलेले असतात. निवतां निवतां एका ठराविक उष्णमानास प्रत्येक घराची एक बाजू इतरांहून आंखूड होते. मात्र ती कोणती, ह्याविषयीं सर्व घरांचें एकमत नसतें. म्हणून स्फटिकांत पट्टे पडतात. एकांत उभी बाजू आंखूड, शेजारच्यांत आडवी. आपल्या काळ्या रानांत दोन शेतांमध्यें बांध असतो, तशी त्यांच्यामध्यें सीमा असते. आंखूड बाजू आपल्या दिशेस यावी, असा चुंबकाचा ओढा. मग जो पट्टा अगोदरच तसा आहे, तो शेजाऱ्याच्या रानांत बांध सरकवीत जातो. (आपल्याकडे एवढ्यावरून भावाभावांत कज्जे होतात!) एकही अणु आपला शेजार सोडीत नाहीं, प्रत्येक जण किंचित् हालतो, आणि त्या सर्वांची बेरीज होऊन कांडी चुंबकाच्या दिशेनें आंखूड व आडव्या दिशेनें लांब होते.

निकेल व टायटॅनियम ह्यांची वांकविलेली तार ऊन पाण्यांत टाकतांच मूळ आकार घेते; पण तिला पुन्हा निवावें लागतें, त्यांत वेळ जातो. चुंबकाचें काम सेकंदाच्या हजाराव्या भागांत होतें. मात्र चुंबक काढला तरी ही कांडी आपण होऊन मागें येत नाहीं. चुंबक आडवा धरावा लागतो किंवा तिला दाबावें लागतें. तेव्हां 'आकारस्मृति' हें नांव येथें थोडें सैलच वाटतें.

खरी अडचण उष्णमानाची आहे. अणूंच्या गणतीनें दोन भाग निकेल, एक मॅंगॅनीज व एक गॅलियम घेतल्यास तो बदल उणे 71 अंशांच्या सुमारास होतो. मंगळवेढ्याचा उन्हाळा 40 अंशांवर. येथें ती कांडी नुसती कांडीच! मॅंगॅनीज कमी करून तितकें निकेल घातलें, कीं हें उष्णमान चढतें. असें कां व्हावें, ह्याचा शोध दूर परदेशांतच झाला असें नाहीं. गोवा विद्यापीठांतील भोबे, प्रियोलकर व सरोदे ह्यांनीं निकेल क्रमाक्रमानें वाढविलेले नमुने घेतले, आणि ते क्ष-किरण कसे शोषितात त्यावरून एकेका अणूचे शेजारी किती अंतरावर आहेत हें काढलें. त्यांचा निबंध 2006 मध्यें प्रसिद्ध झाला. निकेल व गॅलियम ह्यांच्या जवळिकीस ह्या बदलांत मोठें महत्त्व आहे, असें त्यांतून दिसतें.

पण निकेल हवें तितकें वाढवितां येत नाहीं. चोख प्रमाणांत ह्या धातूचें चुंबकत्व सुमारें 103 अंशांपर्यंत टिकतें; निकेल वाढलें कीं ही मर्यादा खालीं येऊं लागते, आणि चुंबकत्वच गेलें तर बांध सरकवावयास कोणी उरत नाहीं.