डायपर म्हणजे लंगोटच!

खराडीतील माझ्या दवाखान्यात तान्ह्या बाळाची आई 'डायपर' म्हणते, सोबतची आजी 'लंगोट' म्हणते, तर पुष्कळ जण कोणत्याही कंपनीच्या डायपरला 'हगीज'च म्हणतात.

डायपर हे मुळात कापडाचे नाव. शब्द ग्रीक, 'अस्प्रोस' म्हणजे पांढरा. लॅटिन व फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता शंकरपाळ्यांसारखी नक्षी विणलेले कापड. अशा कापडाचे लंगोट होऊ लागले आणि नाव लंगोटाला चिकटले. अमेरिकेत तेच रूढ झाले. इंग्लंडमध्ये मात्र 'नॅपी' म्हणतात.

म्हणजे डायपर हा लंगोटच. फरक एवढाच, की त्यातील रसायन लघवी शोषून धरते व वरून कोरडे वाटते. नेमकी येथेच फसगत होते. लंगोट ओला झाला की लगेच कळते. डायपरमध्ये बाळाला लघवी किती वेळा झाली, हे कळत नाही. जुलाब-उलट्या होत असताना मी हाच प्रश्न आधी विचारतो. सहा तासांत लघवी झाली नसेल, तर शरीरातील पाणी कमी झाले असे समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. म्हणून अशा आजारपणात लंगोटच बरा.

एरवी डायपर दर ३-४ तासांनी आणि शी झाल्यास लगेच बदलावा. जागा पाण्याने धुऊन, टिपून थोडा वेळ उघडी ठेवावी. पावडर टाळावी. लाली आल्यास झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. घरात पडलेले गजकर्णाचे मलम लावू नये. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. २-३ दिवसांत उतार न पडल्यास बाळाला डॉक्टरांना दाखवावे.