लॉराचं घर आणि कागदावरचं नाव

आज आपण एका घराची माहिती घेऊ. घर आहे लांब अमेरिकेत, साउथ डकोटा राज्यातल्या डी स्मेट गावाबाहेर. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेनं आपल्या लहानपणावर मुलांसाठी पुस्तकं लिहिली. पहिलं पुस्तक १९३२ साली आलं, तेव्हा बाई पासष्ट वर्षांच्या होत्या. ‘आता काय वय राहिलं’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा!

लॉराच्या वडिलांनी, चार्ल्स इंगल्स यांनी, १८८० साली इथं सरकारी जमीन धरली. तेव्हाचं घर आता नाही. त्याच जमिनीवर तशाच लहान घराची प्रतिकृती उभी केली आहे. आम्ही तिथं गेलेलो नाही, पण पुस्तकं वाचून आणि माहिती गोळा करून सांगतोय. ही जागा नुसती बघायची नाही, तिथं येणाऱ्या मुलांना कामं करायला मिळतात. खाचांच्या फळीवर कपडे घासायचे, मक्याच्या बिट्टीची बाहुली करायची, दोर वळायचा, हातानं गहू दळायचे. वाळलेलं गवत पिळून त्याच्या घट्ट गाठी करायच्या.

या गवताच्या गाठींची गोष्ट मोठी आहे. १८८०-८१ चा हिवाळा भयंकर होता. ऑक्टोबरातच बर्फाचं वादळ आलं आणि पुढं येतच राहिलं. रूळ बर्फाखाली गेले, आगगाडी बंद पडली. गाडी नाही म्हणजे कोळसा नाही, पीठ नाही. इंगल्स कुटुंब शेतावरून गावातल्या घरात आलं होतं. सरपण संपल्यावर त्यांनी गवत पिळून शेगडीत घातलं. अशी गाठ भराभर जळते, म्हणून कुणीतरी सारखं पिळतच बसायचं. कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात आळीपाळीनं गहू दळायचे, तेव्हा कुठं दिवसाची भाकर व्हायची. गाडी परत सुरू झाली ती मे महिन्यात. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात आणखी एक जोडपं तान्ह्या बाळासह राहत होतं. पुस्तकात त्यांचा उल्लेखच नाही! इतक्या माणसांचं रांधायचं कॅरोलीनबाईंनी, म्हणजे लॉराच्या आईनं, कसं निभावलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता जमिनीच्या कागदाकडं वळू. १८६२ च्या कायद्यानं १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची, फक्त थोडी फी. अटी अशा, की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. अर्ज करणारा एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. बिनलग्नाच्या आणि विधवा बायकांनाही अर्ज करता यायचा, आणि हजारो जणींनी केला. पण नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला स्वतःच्या नावानं जमीन धरता येत नसे, कारण प्रमुख नवरा.

म्हणजे बघा, जमीन टिकायची ती तिथं राहण्यावर, आणि घर चालवायची बाई. याआधी मिनेसोटात टोळधाडीनं गहू फस्त केला, तेव्हा चार्ल्स मजुरीला पायी परगावी गेले आणि कॅरोलीनबाईंनी पोरींना घेऊन घर सांभाळलं. तरी डी स्मेटचा दावा एकट्या चार्ल्सच्या नावावर. शेताच्या कोपऱ्यावर त्यांनी बायकोसाठी आणि चार मुलींसाठी कॉटनवूडची झाडं लावली होती. ती जागा आजही लोकांना दाखवतात. झाडं नावाची आणि जमीन मात्र नाही, असं आमच्या एका बैठकीत कुणीतरी पटकन बोलून गेलं. आपल्याकडं सातबारा काढून बघितला, तर हे बोलणं परकं वाटत नाही.

आणि ही जमीन आधी रिकामी होती का? नव्हती. डकोटा हे त्या राज्याचं नावच तिथल्या मूळ लोकांचं आहे. इंगल्स कुटुंब त्याआधी कॅन्ससमध्ये राहिलं, ती तर ओसेज आदिवासींची राखीव जमीन होती. तिथंही आता लाकडी ओंडक्यांची प्रतिकृती उभी आहे. त्या काळावरच्या १९३५ च्या पुस्तकात, तिथं माणसं नव्हती, फक्त इंडियन राहायचे, अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहून हे दाखवून दिलं. लॉराबाईंच्या संमतीनं १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहत करणारे’ असा शब्द घातला.

राहिली लॉराची धाकटी बहीण कॅरी. ती छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायची आणि १९१२ पर्यंत बिनलग्नाची होती. तिनं त्याच राज्यात पश्चिमेकडं जाऊन जमिनीचा दावा केला आणि डांबरी कागद लावलेल्या खोपटात राहून त्याच्या अटी पुऱ्या केल्या. त्या कागदावर नाव कॅरीचं होतं.